गेम अपुरा असेल, तर तशी पाटी राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेममुळे मुलं बिघडतात, अशा आशयाचा मजकूर आपल्या अंकात वरचेवर येतो. बंदुकीच्या गेमबद्दल तो रास्तही असेल. पण शेती करायची, कोंबड्या-गाई पाळायच्या, गावातल्या माणसांशी ओळख वाढवायची, असेही शांत गेम असतात आणि माझ्यासारखी चाळिशी ओलांडलेली माणसं ते आवडीनं खेळतात. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये माझी बहुधा दुसरी पाळी असते. रात्री घरी आल्यावर लगेच डोळा लागत नाही. तेव्हा तासभर लॅपटॉपवर ‘कोरल आयलंड’ लावतो. त्याच्या निमित्तानं थोडं सविस्तर लिहितो आहे.

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या स्टेअरवे गेम्स या कंपनीचा हा गेम. 2021 मध्ये त्यासाठी इंटरनेटवरच्या लोकवर्गणीतून 16 लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमली. ऑक्टोबर 2022 मध्ये तो ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणून विक्रीला आला. म्हणजे काम चालू आहे, झालं आहे तेवढं खेळा, पैसे मात्र आत्ता द्या.

झालं होतं ते मनापासून केलेलं होतं, हे आधी सांगायला हवं. नांगरणी, पेरणी, झारीनं पाणी घालणं हे अशा सगळ्याच गेममध्ये असतं. इथं समुद्र आहे, आणि तोच या गेमचा जीव आहे. बेटाजवळ तेलगळती होऊन प्रवाळ मेलेलं असतं. आपण बुडी मारायची आणि विळ्यानं तळाचा कचरा कापत वाट काढायची. काढताना सौरगोळे सापडतात. ते ठरल्या जागी लावले की भोवतालचा करडा तळ रंगानं भरतो, मासे दिसू लागतात. वर आणलेला कचरा यंत्रात घालून त्याचं उपयोगी सामान करता येतं. लढाई नाही, घाई नाही, नुसतं साफ करत जायचं. मी येळ्ळूरचा. बळ्ळारी नाल्यात गाळ आणि जलपर्णी साचून पावसाळ्यात पाणी शिवारात पसरतं आणि उभं भात कुजतं, हे लहानपणापासून बघत आलो आहे. गेममध्ये साफ केलेलं पाणी साफच राहतं, एवढं बघायलाही बरं वाटतं.

गावातली माणसंही चांगली उतरली आहेत. सुताराचं नाव जोको आहे. परक्या गेममध्ये आशियातली माणसं अशी सहज, बाऊ न करता वावरताना क्वचितच दिसतात.

शेतीत मात्र मन भरत नाही. 28 दिवसांचा एक ऋतू, असे चार. पावसाळा नावाचा ऋतूच नाही. पाऊस पडला तर त्या दिवशी झारी उचलावी लागत नाही, एवढाच त्याचा संबंध. ऋतू पालटला की बहुतेक पिकं जागच्या जागी मरतात. आमच्याकडं भात काढल्यावर त्याच ओलीवर मसूर येतो. एक पीक पुढच्या पिकाला काही देऊन जातं, ही गोष्ट या गेममध्ये कुठंच नाही. उष्ण प्रदेशातल्या माणसांनी केलेल्या गेममध्ये ती असायला हवी होती, असं मला फार वाटतं.

पण माझी खरी तक्रार निराळी आहे. 14 नोव्हेंबर 2023 ला या गेमवर 1.0 असा शिक्का बसला, म्हणजे गेम पूर्ण झाला. प्रत्यक्षात समुद्राखालच्या जलमानवांच्या राज्याची गोष्ट तेव्हा अपुरी होती आणि चौघांनी मिळून खेळायची सोयही आलेली नव्हती. पुढं फुकट भर पडत गेली, त्याबद्दल कंपनीचं कौतुकच आहे. पण ‘स्टीम’ या इंटरनेटवरच्या गेमच्या दुकानात अर्ली अ‍ॅक्सेसच्या गेमच्या पानावर काय झालं, काय बाकी, किती वेळ लागेल याची प्रश्नोत्तरं छापावी लागतात, आणि 1.0 झालं की ती निघतात. आमच्या शॉपमध्ये मशीनिंग बाकी असलेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, खडूची खूण असते. काम उरलेलं असताना ती पुसली, तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं.

याउलट ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचाच गेम बघा. एरिक बॅरोन यानं चार वर्षांहून जास्त काळ तो एकट्यानं घडवला, अपुऱ्या अवस्थेत विकला नाही आणि 26 फेब्रुवारी 2016 ला पुरा करूनच दिला. मार्च 2024 ची 1.6 ही मोठी भरसुद्धा त्यानं फुकट दिली. प्रत्येकाला हे परवडत नाही, मान्य. छोट्या कंपनीला पगार द्यावे लागतात. म्हणूनच आधी पैसे घेण्याला माझा विरोध नाही, ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ची पाटी लवकर काढण्याला आहे.

गेम पसंत नसेल तर स्टीमवर पैसे परत मिळतात, पण खरेदीपासून 14 दिवसांत आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल तरच. बंदुकीच्या गेमला दोन तास पुरतात. अशा संथ गेममध्ये तेवढ्या वेळात पहिला ऋतूही सरत नाही, मग पुढचा भाग रिकामा आहे हे कळणार कसं? निपाणीच्या माझ्या भाचीनं सणाचे साठवलेले पैसे घालून दुसरा एक अपुरा गेम घेतला होता. नव्या अपडेटनंतर तिचं जुनं शेत उघडेचना. ‘मामा, गाईंची नावं पण गेली,’ म्हणाली. असं होऊ शकतं हे घेताना तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या पुरवणीत सिनेमांची परीक्षणं येतात, तशी गेमचीही यावीत अशी विनंती आहे. आणि येतील तेव्हा गेमचा कुठला भाग आज खेळता येतो, कुठला फक्त कबूल केलेला आहे आणि आधी खेळून साठवलेला खेळ अपडेटनंतर टिकतो का, हे परीक्षणात आधी लिहावं. मराठी किंवा कन्नड भाषेची सोय आहे का, तेही लिहावं. ‘कोरल आयलंड’मध्ये दोन्ही नाहीत, आणि भाचीला अर्धे संवाद मलाच समजावून सांगावे लागतात.

आपला,
एक नियमित वाचक, येळ्ळूर (ता. जि. बेळगाव)