बाई, त्या h बद्दल आभार

आदरणीय बाई,
सा. न.

एफवायला असताना मी वर्गात विचारलं होतं, "विकलज काढताना x मधल्या छोट्याशा वाढीने, h ने, भागतो म्हणजे तो शून्य नाही. मग शेवटी तो सोडून कसा देतो?" उत्तर आलं, "परीक्षेला नाही ते. पुढे चला." मागचे बाक हसले. त्या संध्याकाळी तुमच्या दारात आले ती खरं तर गणित सोडतेय हे सांगायला.

तुम्ही समजूत वगैरे काढली नाहीत. कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलंत, x² चा विकलज मांडलात आणि 2x + h पाशी थांबलात. "हेच 1734 मध्ये तत्त्वज्ञ बर्कलीने विचारलंय. निघून गेलेल्या राशींची भुतं म्हणाला तो यांना." पुढे कोशी, वायरश्ट्रास या गणितज्ञांनी एप्सिलॉन-डेल्टाच्या, म्हणजे सीमेच्या काटेकोर व्याख्येच्या, अंगाऱ्याने ती उतरवली. अंगारा हा शब्द तुमचाच.

मग त्याच पानावर √2. अपरिमेय संख्येचा अपरिमेय घात परिमेय येईल का? √2 चा √2 वा घात परिमेय असेल तर काम झालं. नसेल तर त्याचा पुन्हा √2 वा घात घ्या, 2 येतात. मी खूश! तुम्ही विचारलंत, "पण यातलं खरं कुठलं?" सिद्धता ते सांगतच नाही. गणितज्ञ ब्रौवरचं भांडण नेमकं याच्याशी, 'एक तर विधान खरं, नाही तर त्याचा नकार खरा' या नियमाशी होतं, हे मला तेव्हा कळलं. त्याचा विरोधक हिल्बर्ट मात्र म्हणायचा, हा नियम काढून घेणं म्हणजे मुष्टियोद्ध्याला मुठी वापरायला बंदी.

पुढे 1960 च्या दशकात गणितज्ञ रॉबिन्सनने h ला रीतसर संख्या केलं, शून्य नाही पण प्रत्येक धन वास्तव संख्येहून लहान: 2x + h च्या सगळ्यात जवळची वास्तव संख्या घ्या, 2x. झालं! पण असा एक h बनवून दाखवा म्हटलं, की हात वर. म्हणूनच 1977 मध्ये, 'आहे म्हणता तर बनवून दाखवा' म्हणणाऱ्या एरेट बिशपने, याच h वरून कलन शिकवणाऱ्या कीस्लरच्या पाठ्यपुस्तकावर इतकं झोडपणारं परीक्षण लिहिलं. (बर्कली पदाने बिशप, हा आडनावाने. कलनाच्या नशिबी बिशपच.) मला ते परीक्षण आजही अंमळ दुष्ट वाटतं, त्या पुस्तकावर शिकणाऱ्या पोरांना निदान h दिसत तरी होता.

बरोबर कोण, विचारलं तर तुम्ही "चहा टाकते" म्हणून उठलात. त्याबद्दल सगळ्यात जास्त आभार.

गणित सोडलं नाही. यंदा एमएस्सी झाले. ते पान माझ्याकडेच राहिलंय. मागच्या बाजूला तुमचा दुधाचा हिशोब आहे, 14 तारखेला खाडा. त्या महिन्यात दूधवाल्याशी वाद झाला असेल, तर तो माझ्यामुळे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची