चरा कुणाचा, ते आधी पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सीडी-डीव्हीडीवर चरे दिसले की खापर फुटतं ते शेवटच्या हाताळणाऱ्याच्या माथी. ग्रंथालयाच्या दृक्‌श्राव्य विभागात काम करताना एक वाक्य मी सतत ऐकते : "प्लेअर लेझरनं वाचतो, चकतीला शिवतसुद्धा नाही. पोरांनीच घासली असणार." चकती खराब होऊन परत आली की सभासदाकडून भरपाई घ्यायची, हा आमचा नियम. त्याच नियमाबद्दल हे पत्र.

लेझर शिवत नाही, हे कबूल. पण तो ज्या भिंगातून येतो ते भिंग चकतीपासून जेमतेम एक-दोन मिलिमीटरवर असतं. वर सीडी मिनिटाला २०० ते ५०० फेरे घेत असते, डीव्हीडी त्याहून जास्त. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये याच्या कितीतरी पट. फोकस शोधताना भिंग वर-खाली होतं. चकती वाकडी असेल, मधली पकड ढिली झाली असेल किंवा चालू प्लेअर कुणी उचलून तिरका केला, तर भिंग किंवा त्याभोवतीची चौकट घासू शकते. मुळात शिवायचंच नसतं, तर काही भिंगांच्या कडेला मऊ टेकू कशाला बसवले असते?

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या व्हिडिओ गेमच्या यंत्राबद्दल अमेरिकेत हाच वाद कोर्टात गेला. ग्राहक म्हणाले, नेहमीसारखं खेळतानाच चकत्या खरवडल्या जातात; कंपनी म्हणाली, तुम्ही यंत्र नीट वापरलं नाही. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण २०१७ मध्ये निकाल लागला तो अपिलाच्या कार्यपद्धतीवर. चरे कुणी पाडले, हे काही त्यात ठरलं नाही!

आमच्या टेबलावर मात्र ते बरंचसं ठरवता येतं. चकती दिव्याखाली तिरपी धरा आणि हळूहळू फिरवा. वेडेवाकडे, एकमेकांना छेदणारे बारीक चरे हाताचे, पिशवीचे, टेबलावर सरकवल्याचे. पण एखादा चरा मध्यापासून सारखंच अंतर राखून कंपासनं काढल्यासारखा गोल जात असेल, तर तो चकती फिरत असताना पडलेला आहे. इतका नेमका गोल हातानं काढून दाखवा! फटीतून चकती आत ओढणाऱ्या प्लेअरची खूण वेगळी. त्याच्या रबरी रुळाला धूळ चिकटलेली असली की चकती जाते-येते त्या दिशेनं सरळ रेघा उमटतात.

आणि गोल चराच जास्त घातक. सीडीचं प्लास्टिक १.२ मिलिमीटर जाड. माहिती त्याच्या पलीकडे, लेबलच्या बाजूला असते. खालच्या पृष्ठभागावर लेझरचा झोत बराच पसरट असल्यामुळे बारीक चरा त्याला फारसा आडवा येत नाही. शिवाय ट्रॅकवरची, म्हणजे माहितीच्या गोल गोल वळत जाणाऱ्या रेघेवरची, सुमारे अडीच मिलिमीटर सलग माहिती गेली तरी सीडी प्लेअर ती हिशेबानं भरून काढतो. मध्याकडून कडेकडे जाणारा चरा ट्रॅकच्या प्रत्येक वेढ्याला क्षणभरच छेदतो. गोल चरा ट्रॅकच्या सोबतच धावतो, म्हणून गाणं अडकतं. सीडी मध्यापासून बाहेर सरळ पुसायची, गोल गोल नाही, ती याचसाठी.

तेव्हा माझी सूचना एवढीच : भरपाईची पावती फाडण्याआधी चरा पाहावा. तो गोल असेल, तर सभासदानं कोणत्या प्लेअरवर लावली ते विचारावं, आणि विभागात ऐकण्यासाठी ठेवलेला आपला प्लेअरही तपासावा. टाकाऊ पण चरे नसलेली चकती त्यात वाजवून पाहिली की कळतं. चोर सोडून संन्याशाला फाशी नको.

लेबलच्या बाजूचा चरा मात्र ट्रेच्या प्लेअरवर ढकलता येणार नाही. तिथे मधल्या पकडीशिवाय काही टेकत नाही, आणि सीडीत संरक्षक लेपाच्या पातळ थराखाली लगेच ॲल्युमिनियम असतं. ते खरवडलं की पॉलिश करूनही उपयोग नाही. अशा वेळी भरपाई जरूर घ्यावी.

– एक ग्रंथालय कर्मचारी