दोस्तीतला खेळ आणि शेवटचे तीन फूट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मित्रामित्रांच्या गोल्फमध्ये ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) नियमांचा बाऊ करू नये, त्याने वेळ जातो आणि मजाही जाते, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या पानावर वाचले. वेळ जातो हे खरे आहे. पण तो नियमांमुळे जातो हे मला मान्य नाही. शिवाय त्यांना जाचक वाटणारे बरेचसे नियम २०१९ सालीच निघाले आहेत, त्याची दखल पत्रात कुठे दिसली नाही.

मी निवृत्त लेखापरीक्षक. आमच्या चौघांच्या गटात स्कोअरकार्ड माझ्याकडे असते. का असते, ते बाकी तिघांना विचारू नका. उत्तर छापण्याजोगे नसेल.

आधी काय सुटले ते सांगते. २०१९ मध्ये गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांनी नियमावली नव्याने लिहिली, ३४ नियमांचे २४ केले आणि ग्रीनवर तर भरपूर सूट दिली. पूर्वी ग्रीनवरून मारलेला पट (चेंडू होलकडे घरंगळत नेणारा फटका) होलमधल्या पिनला, म्हणजे झेंड्याच्या काठीला, लागला की स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण स्ट्रोक (फटके) मोजायच्या प्रकारात, दोन स्ट्रोकचा दंड बसे. आता पिन खुशाल राहू द्या. बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे पटाच्या वाटेत आले तरी पूर्वी हात लावता येत नसे. आता ओरखडा असो वा चेंडू आदळून पडलेली खोक, दाबून सपाट करता येते. (जमिनीत हवा खेळावी म्हणून पाडलेली छिद्रे मात्र सोसायची.) ग्रीनवर चुकून पाय किंवा पटर (पट मारायची काठी) लागून चेंडू हलला तर तो जागेवर ठेवायचा, आता दंड नाही. २०१६ च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटला डस्टिन जॉन्सनच्या ज्या एका दंडाच्या स्ट्रोकवरून एवढे वादळ उठले, तो आजच्या नियमाने लागलाच नसता.

एवढे सुटल्यावर पाळायचे जे उरले ते फार नाही. त्यातली वादाची गोष्ट म्हणजे गिमी: होलजवळचा छोटा पट न मारताच झाला असे धरून माफ करणे.

स्ट्रोक प्लेमध्ये गिमी नसते. चेंडू होलमध्ये गेलाच पाहिजे. तो न घालता पुढच्या होलच्या टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) खेळलात तर स्पर्धेतून बाद. मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या समोरासमोरच्या लढतीत, समोरच्याला पुढचा स्ट्रोक सोडता येतो, आणि एकदा सोडला की देणाऱ्याला तो मागे घेता येत नाही आणि घेणाऱ्याला नाकारता येत नाही. आपल्याकडे चालते ते असे, की कार्डावर स्ट्रोक मोजायचे आणि ग्रीनवर मॅच प्लेचे औदार्य दाखवायचे. ते औदार्यही सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. गटात जो वयाने किंवा हुद्द्याने मोठा, त्याचा चार फुटांचा, उतारावरचा, वळणारा पट ‘उचला हो साहेब’ म्हणून माफ. नवख्या मुलाचा दोन फुटांचा असला तरी ‘मार, तेवढाच सराव’. लेखापरीक्षणात अशा व्यवहाराला एक नाव आहे. ते इथे लिहीत नाही.

‘पटरच्या लांबीच्या आत आला की गिमी’ हा तोडगा अनेक गटांत चालतो. पण कोणाचा पटर? साधा पटर ३४-३५ इंचांचा असतो. आमच्यातल्या एकाचा छातीपर्यंत येणारा पटर ४८ इंचांचा आहे. अंतर मोजायची वेळ आली की नेमका तोच पुढे सरसावतो. शिवाय काही जण अख्खा पटर धरतात, तर काही मूठ सुरू होते तिथपर्यंतचाच दांडा. वाद टाळण्यासाठी काढलेल्या युक्तीत तीन वाद!

आणि छोटे पट चुकतात, साहेब. १९७० च्या ओपनमध्ये (ब्रिटनमधल्या मोठ्या स्पर्धेत) सेंट अँड्रूजच्या शेवटच्या ग्रीनवर डग सँडर्सला जिंकण्यासाठी तीन फुटांच्या आतला पट घालायचा होता. तो चुकला, आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी फोडणारा प्लेऑफ जॅक निकलॉसने जिंकला. २०१२ च्या क्राफ्ट नबिस्को स्पर्धेत आय. के. किमचा फूट-सव्वा फुटाचा पट होलच्या कडेने फिरून बाहेर आला. तीही प्लेऑफमध्ये हरली. १९८३ च्या ओपनमध्ये रॉयल बर्कडेलला हेल अर्विनचा चेंडू होलपासून जेमतेम दोन इंचांवर होता. त्याने उलट्या हाताने पटर फिरवला, तो चेंडूला लागलाच नाही, आणि स्ट्रोक मोजला गेला. टॉम वॉटसनने ती स्पर्धा एका स्ट्रोकने जिंकली. आमच्या गटात अर्विनला तो दोन इंचांचा पट न विचारताच मिळाला असता.

कोणी म्हणेल, त्या लोकांचे नाव आणि पैसा पणाला लागलेला असतो, आमचे काय जाते? तुमचे हँडिकॅप, म्हणजे तुमच्या खेळाची कुवत सांगणारा आकडा, जाते. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत उचललेल्या चेंडूचीही सोय आहे. चेंडू उचलणे चालते अशा प्रकारात तो होलपासून ५ फुटांच्या आत असेल तर एक स्ट्रोक धरायचा. त्याहून लांब, २० यार्डांपर्यंत, असेल तर दोन किंवा तीन. इतकी मोकळीक असूनही सात-आठ फुटांवरचा चेंडू उचलून एकच स्ट्रोक सांगणारे मला भेटतात. आठ फुटांवरून जगातले अव्वल व्यावसायिकही साधारण निम्मेच पट घालतात. असल्या हिशेबातून बनलेले हँडिकॅप चारचौघांत मिरवायला छान दिसते. मग क्लबची मासिक स्पर्धा येते, दर होलला चेंडू आत घालावा लागतो, आणि कित्येक महिन्यांत तीन फुटांचा पट न मारलेले हात थरथरायला लागतात. दोष मात्र ग्रीन राखणाऱ्या माळ्याला.

मॅच प्लेमध्ये पट सोडायचा असेल तर तोंडाने स्पष्ट बोलावे, हेही सांगून ठेवते. २०१५ च्या सॉल्हाइम कपमध्ये (युरोप आणि अमेरिकेच्या महिला संघांतल्या लढतीत) अमेरिकेच्या ॲलिसन लीने दीडेक फुटावरचा चेंडू सोडला आहे असे समजून उचलला. समोरच्या जोडीतली सुझान पीटरसन म्हणाली, आम्ही सोडलेला नव्हता. होल युरोपला गेला. लीला रडू आले, पीटरसनवर जगभरातून टीका झाली आणि तिने नंतर माफी मागितली. नियमाने पीटरसन चुकली नव्हती. तरीही तिच्या जागी मी असते तर तो पट आधीच, ऐकू जाईल असा, सोडून मोकळी झाले असते. चेंडूकडे बघून नुसती मान हलवणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

मार्करची, म्हणजे उचललेल्या चेंडूची जागा दाखवणाऱ्या खुणेची, गोष्ट गिमीपेक्षा बारीक आहे आणि माझ्या मते जास्त गंभीर. उचलण्याआधी चेंडूच्या लगेच मागे किंवा अगदी शेजारी खूण करायची आणि चेंडू पुन्हा त्याच जागी ठेवायचा, एवढाच नियम. खूण न करता उचललात तर एक स्ट्रोकचा दंड. प्रत्यक्षात मार्कर चेंडूच्या थोडा पुढे टेकतो आणि चेंडू ठेवताना मार्करच्या थोडा पुढे ठेवला जातो. दर खेपेला इंच-दोन इंच होल जवळ येते. २०१७ च्या एएनए इन्स्पिरेशनमध्ये लेक्सी थॉम्पसनने फूटभराच्या पटासाठी चेंडू किंचित चुकीच्या जागी ठेवला. दूरचित्रवाणीवर ते पाहून एका प्रेक्षकाने ईमेल केला, आणि चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन आणि चुकीच्या कार्डाचे दोन असे चार स्ट्रोक तिला दुसऱ्या दिवशी, शेवटची फेरी चालू असताना लागले. ती प्लेऑफमध्ये हरली. कार्डाचे दोन स्ट्रोक मला तेव्हाही क्रूर वाटले होते, आणि पुढे अशा प्रसंगी ते लावणे बंदही झाले. जागेचे दोन मात्र रास्त होते.

आणखी एक ‘दोस्ती’ बघा. होलच्या मागे पडलेला आपला चेंडू उचलायला कोणी निघाला की दुसरा म्हणतो, ‘राहू दे, त्याला अडून माझा थांबेल.’ स्ट्रोक प्लेमध्ये असे ठरवून चेंडू ठेवला आणि पट मारला, तर ठरवणाऱ्या दोघांनाही दोन-दोन स्ट्रोक. ग्रीनवरून मारलेला चेंडू ग्रीनवरच्याच दुसऱ्या चेंडूला लागला तर मारणाऱ्याला वेगळे दोन. मॅच प्लेमध्ये या धडकेला दंड नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता वेळेकडे येते. मार्कर नीट ठेवायला दोन सेकंद लागतात. तीन फुटांचा पट घालायला त्याहून थोडी जास्त, आणि त्याचा गिमी मागण्या-देण्याच्या घासाघिशीत त्याहून कितीतरी जास्त. वेळ जातो तो स्वतःची पाळी येईपर्यंत गप्पा मारून मग चारही बाजूंनी उतार न्याहाळण्यात, एकाला पिन हवी आणि दुसऱ्याला नको म्हणून ती आत-बाहेर करण्यात, आणि मागचा गट वाट पाहत असताना ग्रीनवरच उभे राहून कार्ड भरण्यात. यातले काहीही नियमात सांगितलेले नाही. उलट एक स्ट्रोक ४० सेकंदांत मारावा अशी शिफारस आहे आणि स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार असेल त्याने आधी खेळावे याला उत्तेजन आहे. कडेवर लोंबकळणारा चेंडू पडायची वाट किती पाहायची हेही ठरलेले आहे: होलपर्यंत चालत जायला लागेल तेवढा वेळ आणि वर १० सेकंद. २०२१ मध्ये आरबीसी हेरिटेज स्पर्धेत सि वू किम जवळजवळ मिनिटभर थांबला. चेंडू पडला, आणि एक स्ट्रोक दंडही पडला.

सैल खेळायचे असेल तर त्यालाही नियमांत जागा आहे. स्टेबलफोर्ड, म्हणजे दर होलला गुण मिळवायचा प्रकार, खेळा: गुण मिळण्याची आशा संपली की चेंडू खिशात घाला, कोणी बाद करत नाही. मॅच प्ले खेळा आणि मनसोक्त पट सोडा. फक्त काय खेळतोय ते पहिल्या टीवर ठरवा, अठराव्या ग्रीनवर नव्हे. आम्ही हल्ली बहुतेक वेळा स्टेबलफोर्ड खेळतो, आणि गुण मिळवायचा असेल तर पट घालावाच लागतो. लांब पटरवाल्याने सुरुवातीला कुरकुर केली. आता तोच आमच्यात तीन फुटांवरून सर्वांत भरवशाचा आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या क्रीडा पानावर मोठ्या स्पर्धांच्या निकालांशेजारी अधूनमधून नियमांचा एक छोटा चौकोन द्यावा. पहिला प्रश्न मीच सुचवते. गोल्फपटू सॅम स्नीडने पाय दोन्हीकडे ठेवून क्रोके या खेळासारखा पट मारायला सुरुवात केली आणि १९६८ पासून पटाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून मारण्यावर बंदी आली. मग दुसऱ्याची रेषा तुडवली जाऊ नये म्हणून कोणी असा उभा राहिला आणि त्याने आपला छोटा पट उरकला, तर त्याला दंड आहे का? आमच्या गटात यावर चार मते आहेत. त्यातले बरोबर माझे आहे: दंड नाही, नियम १०.१सी मधला अपवाद पाहावा. पण हे आपण छापलेत तर बाकी तिघे मानतील.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक