दोन वर्षांनंतरही लक्ष हवे

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांच्या विकास-तपासणीवरील लेख वाचला. तपासणी लवकर हवी, हे त्यातले म्हणणे मान्यच. पण दुसऱ्या वर्षी ‘सगळे ठीक’ असा शेरा मिळाला की पाठपुरावा थांबतो, त्याबद्दल लेखात एक ओळही नाही. गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या काही मुलांच्या एकाग्रता, गणित, लेखन यांतल्या अडचणी शाळेत गेल्यावरच दिसू लागतात. दोन वर्षांच्या मुलाची गणिताची परीक्षा घेणार तरी कशी? (१० आठवडे आधी आलेल्या बाळाचे वय थेट जन्मतारखेपासून मोजून त्याला ‘मागे’ ठरवणे, ही उलट बाजूची चूक. पहिली दोन वर्षे त्याचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात.) शाळाप्रवेशाच्या सुमारास आणखी एक तपासणी व्हावी आणि पालकांच्या संमतीने मुदतपूर्व जन्माची नोंद शिक्षकांपर्यंत पोहोचावी. एरवी अशा मुलावर ‘आळशी’ असा शिक्का सहज बसतो.

– एक वाचक