सातला बटण बंद

नाशिक, २१ डिसेंबर

प्रिय दिल्या,

तुझा फोन आला तेव्हा मी जिन्याखाली मीटरसमोर उभा होतो, म्हणून धड बोललो नाही. पंखे बंद, कूलर माळ्यावर, आणि बिल मात्र वाढलेलं! बाबांनी ते टेबलावर ठेवलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.

मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो ना, आमच्याकडे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. वर आई, खाली मी, कानाला फोन. नुसता फ्रिज चालू असताना दिवा आपला सुस्त. "गिझर लावते हं," आई म्हणाली आणि तो असा सुटला की मोजताना माझी बोबडी वळली. मिनिटाला शंभराच्या वर! गिझर २००० वॅटचा, सलग तासभर चालला की २ युनिटं.

तासाभराने सहज खाली गेलो, तर पुन्हा पळतोय. नळ कुणीच सोडला नव्हता. बाथरूमच्या गारठ्यात टाकीतलं पाणी निवतं आणि थर्मोस्टॅट टक्‌ करून पुन्हा तापवायला घेतो. बाबांची अंघोळ सहाला, आमच्या चिरंजिवांची दहाला, मधले चार तास हाच उद्योग. आई म्हणायची, बंद करून परत तापवायला जास्त लाईट लागते. मीही तेच धरून चाललो होतो. आहे नेमकं उलटं. जितका वेळ पाणी कढत ठेवायचं, तितका वेळ त्याची ऊब भिंतींना वाटायची.

त्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आत्ता बर्फासारखं. २० लिटरची बादली १५ अंशांवरून ४० वर न्यायला अर्ध्या युनिटाहून जास्त लागतं. मे महिन्यात त्याच्या निम्म्यातच भागतं. शिवाय १०० युनिटांच्या पुढे गेलं की वरच्या प्रत्येक युनिटाचा दर दुपटीच्या आसपास. खरी मेख तिथे आहे.

आता सगळ्या अंघोळी एकापाठोपाठ. शॉवर बंद, बादली-तांब्या. थर्मोस्टॅट ६० वरून ५० वर आणलाय, तसंही आपण त्यात निम्मं गार पाणी ओततोच. चिरंजीव दोन दिवस धुसफुसले, तिसऱ्या दिवशी गुमान उठले.

बाबांच्या गुडघ्यांसाठी मी रूम हीटर आणणार होतो. तोही २००० वॅटचाच निघाला, मग बेत रद्द. आईने जुन्या नऊवारीची गोधडी काढली आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी. खिडकीच्या फटीत कापडाची गुंडाळी कोंबलीय, दिसते भयंकर. तिकडे निफाडला द्राक्षं वाचवायला बागांत शेकोट्या पेटवतात, आमचं एवढ्यावर निभावतंय.

गच्चीवर सोलर बसवायचं मनात आहे, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय निघाला की चहा येतो आणि विषय संपतो.

जानेवारीत येशील तेव्हा स्वेटर आण. तुझा नंबर बाबांनंतर, पावणेसातला. सातला मी बटण बंद करतो, पाहुणा असलास तरी.

तुझा,
बाळ्या