आई, गुडघे ठीक आहेत

प्रिय आई-बाबा,

फोनवर आईचा पहिला प्रश्न गुडघ्यांचाच असतो आणि मी "बरे आहेत गं" म्हणून विषय बदलतो, म्हणून म्हटलं यावेळी नीट लिहूनच टाकावं, म्हणजे बाबांनाही चष्मा लावून निवांत वाचता येईल. तर, मी परत पळायला लागलोय. आई, लगेच फोन उचलू नकोस, आधी पूर्ण वाच.

चिकनगुनियाने काय हाल केले ते तू बघितलंयसच, ताप आठवड्याभरात गेला पण सांधे काही सोडेनात, सकाळी टूथपेस्टची ट्यूब दाबतानाही बोटं ठणकायची आणि झाकण तू उघडून द्यायचीस. तेव्हा बूट माळ्यावर गेले ते गेलेच. नंतर डॉक्टरांनी हळूहळू सुरू करा म्हणून सांगितलं तरी मी काही हललो नाही. दुखणं होतंच थोडंफार, पण खरं सांगू का, लाज जास्त आडवी येत होती. शिवाजी पार्कात सकाळी अर्धे चेहरे ओळखीचे, त्यांच्यासमोर धापा टाकत कोण फिरणार!

मग आमचं वादळ आलं. बाबा, हे नाव तुम्हीच ठेवलंय, गणपतीत आली होती आणि उकडीचे मोदक की तळणीचे यावरून तुमच्याशी भांडली ती. तिने समजावलंबिमजावलं काही नाही, रात्री मेसेज टाकला, "साडेपाचला कट्ट्यावर ये, पळायचं नाहीये, चालायचंय," आणि सकाळी खरंच बिल्डिंगखाली येऊन उभी. ही बाई जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हाफ पळते, म्हणजे 21 किलोमीटर, सी लिंकवरून, जिथे एरवी पायी कुणाला सोडतच नाहीत, आणि ती माझ्याबरोबर भाजी आणायला निघाल्यासारखी चालत होती, एकदाही घड्याळाकडे न बघता.

तिची पद्धत सोपी आहे, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, मध्येच तुटलं की चालायला लागायचं. म्हणून ती मुद्दाम प्रश्न विचारत राहते, भाडं किती वाढवलं, साहेब अजून तसाच वागतो का, आणि एकदा "लग्नाचं काय?" असंही विचारलं, तिथे मात्र मी धाप लागल्याचं नाटक केलं (आई, तू हसू नकोस, तुझीच शिकवणी दिसतेय). कट्ट्याची फेरी जेमतेम सव्वा किलोमीटरची, पण मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, अर्ध्या फेरीत टीशर्ट पिळून काढण्यासारखा होतो. कट्ट्यावर बसणाऱ्या आजोबांपैकी एकजण रोज "वाढवा, वाढवा स्पीड" म्हणतात, त्यांना वादळ रोज "तुम्ही या ना खाली" म्हणते.

ती स्पीड वाढवू देत नाही त्याला कारण आहे. दम लवकर परत येतो, पण पोटरी-घोट्याजवळचे टेंडन (स्नायू हाडाला बांधून ठेवणारे दोर) तयार व्हायला जास्त वेळ घेतात, त्यामुळे आता जमतंय असं वाटून लोक सुटतात आणि तिथेच दुखापत करून घेतात. आणि आई, पळून गुडघे झिजतात या तुझ्या म्हणण्याबद्दल मी हाडांच्या डॉक्टरांनाच विचारलं, ते म्हणाले बेताने पळणाऱ्याचे गुडघे न पळणाऱ्यापेक्षा लवकर झिजतात असं काही नाही, सांधा सुजला किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिला तर मात्र थांबायचं. सकाळचा ताठरपणा अजून थोडा आहे, लपवत नाही, पण पायऱ्या उतरताना आता कठडा धरावा लागत नाही.

यंदा मॅरेथॉनचं नाव काढायचं नाही असं ठरलंय. त्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ तिच्यासाठीच ठेवलाय, मी पाण्याची बाटली घेऊन फुटपाथवर उभा राहणार.

मेथीचे लाडू पाठवशील तर तूप कमी घाल, म्हणजे दोन जास्त खाता येतील. आणि बाबा, तुम्ही अजिंक्यताऱ्यावर अजून त्याच झिजलेल्या चपला घालून चढता हे मला आईने सांगितलंय. कोऱ्या कागदावर उभं राहून दोन्ही पाय पेन्सिलने आखा आणि फोटो नको, कागदच पाठवा, म्हणजे दुकानात नेता येईल. संध्याकाळी आखा, दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि सकाळच्या मापाचा बूट उतरताना बोटांना लागतो.

तुमचा,
बंड्या