यमक चुकलेले नाही

चि. मुक्ता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शेक्सपियरच्या ११६ व्या सुनीतात, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेत, शेवटी ‘प्रूव्ह्ड’ आणि ‘लव्ह्ड’ यांचे यमक जुळत नाही, समारोपालाच कवीने एवढी सैल जोडी कशी ठेवली, असे तू विचारले आहेस. ही सुनीते १६०९ साली छापली गेली, तेव्हाच्या लंडनमध्ये या दोन्ही शब्दांत एकच आखूड स्वर असावा, असे उच्चाराच्या इतिहासाचे अभ्यासक मानतात. त्या काळच्या श्रोत्याला तिथे काहीच खटकले नसेल.

मला स्वतःला पटलेला दाखला अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीचा आहे. १७११ सालच्या ‘अ‍ॅन एसे ऑन क्रिटिसिझम’मध्ये तो ‘जॉइन’ची जोडी ‘लाइन’शी लावतो, कारण ‘जॉइन’ तेव्हा ‘जाइन’सारखा उच्चारत. लक्षात घे, हे यमक तो भरीचे शब्द घालून ओळी कशाबशा पुऱ्या करणाऱ्या कवींना झोडपताना वापरतो. नेमक्या त्याच जागी त्याने स्वतः हयगय केली असेल, हे मला संभवनीय वाटत नाही. त्याच्याच ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्यात राणी अ‍ॅनच्या चहाचा उल्लेख येतो तेव्हा ‘टी’ हा शब्द ‘ओबे’शी जुळतो, म्हणजे तो ‘टे’ असा वाचायचा. इंग्रजीतले दीर्घ स्वर पंधराव्या शतकापासून पुढे काही शतके सरकत राहिले. ‘टी’, ‘सी’, ‘मीट’ हे शब्द त्या ओघात ‘ई’पर्यंत पोहोचले आणि ‘ग्रेट’, ‘ब्रेक’, ‘स्टेक’ मात्र ‘ए’पाशीच थांबले. स्पेलिंग आधीच बरेचसे स्थिरावत आल्यामुळे या प्रवासाची खूण कागदावर उमटली नाही.

तरीही केवळ यमकावर विसंबू नकोस. उच्चार बदलल्यावरही पुढच्या कवींनी ‘लव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ ही जोडी रूढी म्हणून, डोळ्यांना सारखी दिसते म्हणून चालू ठेवली. म्हणून त्या काळच्या वैयाकरणांची साक्षही काढावी लागते: जॉन हार्टने १५६९ साली उच्चारानुसारी लेखनावर पुस्तक लिहिले, आणि १६४० साली छापलेल्या आपल्या व्याकरणात नाटककार बेन जॉन्सनने ‘र’ला, त्याच्या गुरगुरण्यासारख्या आवाजावरून, कुत्र्याचे अक्षर म्हणून तो शब्दाच्या आरंभी ठाम व मध्ये-शेवटी अधिक तरल असतो, असे नोंदवले. म्हणजे ‘वर्ड’मधला ‘र’ आपण मराठी माणसे उच्चारतो, तसा तेव्हा लंडनलाही ऐकू येत होता.

आता ते सुनीत ‘प्रूव्ह्ड’मधला ‘ऊ’ आखूड करून मोठ्याने वाच आणि कानाला कसे वाटते ते मला कळव.

तुझी,
आई